राजवाड्याचे पैसे

गुंदफर राजाला नवा राजवाडा बांधायचा होता. त्याचा व्यापारी हब्बान कारागिराच्या शोधात जेरुसलेमच्या बाजारात पोहोचला आणि तिथे त्याने एक माणूस रीतसर खरेदीखत करून विकत घेतला. माणसाचे नाव थोमा. लाकूडकाम आणि दगडकाम दोन्ही येणारा. खरे तर त्याला हिंदुस्थानात यायचेच नव्हते. येशूच्या शिष्यांनी जगाच्या दिशा चिठ्ठ्या टाकून वाटून घेतल्या, तेव्हा याच्या वाट्याला ही दिशा आली आणि तो अडून बसला. शेवटी त्याच्या धन्याने, येशूनेच, त्याला विकले, अशी कथा आहे.

राजाने जागा दाखवली. थोमाने बोरू घेऊन तिथल्या तिथे जमिनीवर नकाशा आखला. दारे पूर्वेला, उजेड यावा म्हणून. खिडक्या पश्चिमेला, वाऱ्यासाठी. भटारखाना दक्षिणेला, पाण्याची सोय उत्तरेला. राजा खूश झाला, पैसे देऊन निघून गेला आणि मग पाठवतच राहिला. थोमा गावोगाव हिंडून ते पैसे गोरगरिबांना वाटत राहिला. काम कुठवर आले, अशी विचारणा झाली तेव्हा त्याने कळवले की वाडा उभा आहे, छत तेवढे बाकी आहे. राजाने छताचेही पैसे धाडले. एक दिवस तो स्वतः पाहायला आला. तिथे एक वीटसुद्धा नव्हती.

थोमाची रवानगी तुरुंगात झाली. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मरण पावला. स्वर्गात त्याला एकाहून एक सुंदर वाडे दाखवण्यात आले. त्यातल्या एकाच्या तळमजल्यावरची खोली मिळाली तरी चालेल, असे तो म्हणाला. तो वाडा तुझ्या भावाचा आहे, त्या कैद्याने बांधलेला, असे उत्तर मिळाले. गाद पुन्हा जिवंत झाला आणि भावाकडे हट्ट धरून बसला की तुझा स्वर्गातला वाडा मला विकत दे.

ही कथा ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथातली आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सिरियाक भाषेत तो लिहिला गेला. चर्चने त्याला बायबलमध्ये जागा दिली नाही. त्यातल्या गुंदफराला लोक पुष्कळ काळ कल्पनेतला राजा समजत होते. एकोणिसाव्या शतकात काबूल आणि पंजाबच्या भागात त्याची नाणी सापडली, पुढे तख्त-इ-बाहीचा शिलालेखही वाचला गेला, आणि पहिल्या शतकात गोंदोफर्नेस नावाचा राजा तिकडे खरोखर राज्य करत होता हे पक्के झाले. थोमा त्याच्या दरबारी गेला होता याचा पुरावा अर्थातच यातून मिळत नाही. केरळची परंपरा वेगळे सांगते: थोमा इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरच्या किनाऱ्यावर उतरला, त्याने सात चर्च स्थापन केली आणि मैलापूरजवळ भाल्याने त्याचा अंत झाला.

पश्चिमेकडच्या चर्चमध्ये थोमाचा सण शतकानुशतके २१ डिसेंबरला होत असे. १९६९ मध्ये रोमन दिनदर्शिकेची फेररचना झाली, तेव्हा तो ३ जुलैला गेला. सिरियाक परंपरेत जुलैचा तो दिवस आधीपासूनच होता. केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी मात्र २१ डिसेंबर सोडलेला नाही. १८ डिसेंबरलाही थोमाशी निगडित आणखी एक आठवण असते. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर पहलवी लेख असलेला एक दगडी क्रूस आहे. १५५८ मध्ये त्या दिवशी मिस्सा चालू असताना त्याला घाम फुटला, अशी श्रद्धा आहे.

वर्ध्याच्या वाचकाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असे वाटू शकते. कर्तव्य आहे, आणि ते दुहेरी आहे. एक तर, वर्धा जिल्हा ज्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडतो त्याचे कॅथेड्रल या थोमाच्याच नावाचे आहे. दुसरे कारण अधिक खोलवरचे. डिसेंबरात ज्यांची नावे घेतली जातात त्या सुरुवातीच्या ख्रिस्ती संतांच्या कथा नीट वाचल्या, तर त्यांत चमत्कारांइतकाच पैशाचा, धान्याचा, हुंड्याचा आणि जमिनीचा हिशेब आढळतो. कुणाचे कुणाकडे राहिले आहे, आणि ते परत कसे जायचे? विसाव्या शतकात हा प्रश्न ज्या मोजक्या ठिकाणी रोजच्या जगण्याचा विषय झाला, त्यांत वर्धा हे नाव फार वरचे आहे.

विदर्भात ख्रिस्ती धर्माची पहिली ठळक पावले स्कॉटलंडच्या फ्री चर्चची. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला. मिशनरी, शिक्षक, भूगर्भशास्त्राचा अभ्यासक आणि गोंडांच्या कथा-गीतांचा संग्राहक अशी त्याची अनेक रूपे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे घोड्यावरून परतताना तो नाल्याच्या पाण्यात बुडून गेला. नागपूरहून वर्ध्याला जाणारी माणसे आज बुटीबोरीच्या कारखान्यांवरून जातात ना, तिथलाच हा भाग. पुढे नागपूरच्या महाविद्यालयाला त्याचे नाव मिळाले.

नाव स्टीफन, पण संत स्तेफनाचा सण हिस्लॉपने पाळण्याची सोय नव्हती. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने सोळाव्या शतकातच संतांचे सगळे दिवस बंद केले होते. खुद्द नाताळची सुट्टी तिथे १९५८ पर्यंत नव्हती. त्यामुळे या मिशनबरोबर शाळा आल्या, दवाखाने आले, मराठी बायबल आले. संतांची दिनदर्शिका आली नाही. ती आणली सव्हॉयहून आलेल्या कॅथलिक धर्मगुरूंनी. संत फ्रान्सिस द सेल्सच्या नावाचा हा संघ १८४०च्या दशकात भारतात उतरला. त्याने नागपुरात १८७० मध्ये शाळा काढली आणि १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला.

वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून चांदा धर्मप्रांत आहे. १९६२ मध्ये केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे हे क्षेत्र आले आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सीरो-मलबार म्हणजे थोमाला आपला मूळपुरुष मानणारे, पूर्वेकडची सिरियाक उपासनापद्धती जपणारे चर्च. कॅथेड्रल बल्लारपूरला. केरळ आणि दिल्लीला जोडणारा लोहमार्ग बल्लारशा, वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम असाच जातो. त्याच मार्गाने परिचारिका, शिक्षिका, कारखान्यांतले आणि रेल्वेतले नोकरदार इकडे आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे सणवार आले. जिल्ह्याच्या तेरा लाख लोकवस्तीत ख्रिस्ती कुटुंबे फारच थोडी, पण ज्या थोमाला हिंदुस्थानात यायचे नव्हते त्याच्या नावाची परंपरा अशी वर्धा नदीच्या खोऱ्यात रुजली. मुंबईकर तर त्याचे नाव नकळत रोज घेतात: कोटातल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारी वेस म्हणून चर्चगेट. ते चर्च १७१८ च्या नाताळच्या दिवशी उपासनेसाठी खुले झाले.

संतचरित्रे हा प्रकार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्याच्या राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले होते. गळ्याला पुराणांची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ते मराठी ओव्यांत रचलेले. १६२९ मध्ये एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने प्रेषित पेत्रावर मराठीत आणखी एक पुराण रचले. सुरुवातीच्या ख्रिस्ती संताचे चरित्र मराठीत यायला असा जवळजवळ चारशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात स्टीफन्सला निदान एक परिच्छेद मिळतो. क्रुवा मात्र बहुतेकांच्या कानावरूनही गेलेला नसतो. हे बदलायला हवे.

संताची आठवण त्याच्या मृत्यूच्या दिवशी करायची, ही पद्धतही आपल्या ओळखीची. २० डिसेंबर म्हटले की विदर्भात गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ मध्ये वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्याच महिन्यात दोन आठवडे आधी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. दरवर्षी या सुमाराला वर्ध्याच्या स्टेशनावर दादरला निघालेल्या माणसांची दाटी असते. गिरडला बाबा फरीदांचा दर्गा आहे. दिवंगताच्या दिवशी गर्दी करणे, अन्न वाटणे आणि त्याची गोष्ट पुन्हा सांगणे या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेले आहे. ख्रिस्ती डिसेंबर त्यातच मिसळून जातो.

४ डिसेंबर हा बार्बराचा दिवस. तिची कथा बहुतांशी दंतकथाच आहे, म्हणून १९६९ मध्ये तिचे नावही रोमन दिनदर्शिकेतून वगळले गेले. बाप दिओस्कोर याने तिला मनोऱ्यात कोंडले. बाप बाहेरगावी असताना तिने गवंड्यांकडून दोनऐवजी तीन खिडक्या करून घेतल्या, पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची. त्यातून तिचा धर्म उघड झाला. बापानेच तिचे शिर उडवले आणि घरी परतताना तो विजेने जळून मेला. या विजेमुळे तोफा, सुरुंग आणि दारूगोळा हाताळणारे लोक तिला आपली मानू लागले. जुन्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांवर दारूगोळ्याच्या कोठाराला तिचेच नाव असे. पोलंडचे कोळसा कामगार तिचा दिवस आजही गणवेश घालून साजरा करतात. युरोपात बोगदा खणायला घेतला की तोंडाशी तिची मूर्ती बसवली जाते.

वर्धा जिल्ह्यात पुलगाव आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक इथले. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि लष्करी अधिकाऱ्यांसह आग विझवायला धावलेले जवान गेले. स्फोटांनी आजूबाजूची गावे हादरली, लोक अंधारात घरे सोडून पळाले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. त्यांत रोजंदारीवर आलेले गावकरी होते. खाली चंद्रपूरकडे गेले की वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी लागतात. पुलगावशी बार्बराचे नाते कुठल्या दिनदर्शिकेत छापलेले नाही. तरीही जिथे पोटासाठी माणूस स्फोटकाच्या शेजारी उभा राहतो, तिथे ही कथा परकी राहत नाही. ती जगभर टिकली ती मनोऱ्यामुळे नव्हे, या माणसांमुळे.

बार्बरानंतर दोनच दिवसांनी येतो निकोलस. मीरा हे त्याचे गाव, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. चौथ्या शतकात तो तिथला बिशप होता. लाल कपडे आणि पांढरी दाढी ही त्याच्या नावावर फार नंतर चढलेली सजावट. मूळ कथेत एका कंगाल झालेल्या गृहस्थाला तीन मुली आहेत. हुंड्याला दमडी नाही. मुलींना वेश्याव्यवसायाला लावण्याखेरीज त्याला वाट दिसत नाही. निकोलस रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतो आणि थोरलीचे लग्न होते. पुन्हा एका रात्री दुसरी थैली. तिसऱ्या वेळी बाप जागाच राहतो, धावत जाऊन त्याला गाठतो आणि पायांवर पडतो. माझ्या हयातीत हे कुणाला सांगू नकोस, एवढेच निकोलस त्याच्याकडून कबूल करून घेतो. दुसऱ्या एका कथेत दुष्काळ पडलेला असतो, बंदरात रोमच्या सरकारी धान्याची जहाजे लागतात आणि निकोलस खलाशांना मनवून त्यातले धान्य गावासाठी उतरवून घेतो. १०८७ मध्ये इटलीच्या बारी शहरातल्या दर्यावर्द्यांनी त्याच्या अस्थी पळवून नेल्या. आजही त्या बारीतच आहेत.

१३ डिसेंबरच्या लुसीच्या चरित्रातही हुंडाच आहे, उलट्या बाजूने. सिसिलीतल्या सिराक्यूज शहरातली ही मुलगी. आई आजारी होती म्हणून दोघी कातानियाला संत आगाथाच्या कबरीवर गेल्या. आई बरी झाली. मग लुसीने आईला गळ घातली की माझ्या लग्नासाठी ठेवलेले धन गरिबांना देऊन टाकू. मेल्यावर द्यायचे ते जिवंतपणी दे, हे तिचे म्हणणे. वाग्दत्त वराच्या कानावर गेले की हातात यायची मालमत्ता वाटली जाते आहे. त्याने तिला ख्रिस्ती म्हणून अधिकाऱ्यांच्या हवाली केले. साल ३०४, सम्राट डायोक्लेशियनच्या छळाचा काळ. तिच्यावर पुढे रचलेल्या कथा बाजूला ठेवल्या तरी एक दगड उरतो. १८९४ मध्ये सिराक्यूजच्या भुयारी दफनभूमीत एक ग्रीक लेख सापडला. एका नवऱ्याने आपल्या बायकोच्या, एउस्कियाच्या, स्मरणार्थ लावलेला. ती लुसीच्या सणाच्या दिवशी वारली असे त्यात नोंदवलेले आहे. लुसीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आसपास तिचा दिवस सामान्य घरांत पाळला जात होता, हे त्यावरून कळते.

या दोन्ही गोष्टी कापसाच्या मुलखात वेगळ्याच ऐकू येतात. डिसेंबरात वर्ध्याच्या शेतांत वेचणी चाललेली असते, तूर फुलोऱ्यातून शेंगांवर येत असते आणि घरोघरी उन्हाळ्यातल्या लग्नांची गणिते मांडली जातात. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्या सहांत वर्धा होता. कर्ज, नापिकी, भाव या कारणांच्या जोडीला मुलीच्या लग्नाचा खर्च अनेक पाहण्यांत पुढे येत राहिला. सरकारला शेतकऱ्यांच्या मुलींसाठी ‘शुभमंगल’ सामूहिक विवाहाची योजना आणावी लागली, ती यामुळेच. निकोलसच्या कथेतला बाप चौथ्या शतकातल्या अनातोलियाचा. त्याची रात्रीची झोप उडवणारी गोष्ट मात्र आर्वी-देवळीच्या कुठल्याही माणसाला ओळखता येईल. फरक एवढाच की निकोलसने बापाला वाचवले आणि लुसीने मुळात हुंडाच मोडीत काढला. दोघांपैकी लुसीचा मार्ग अधिक कठीण होता आणि आपल्याला आज तोच अधिक हवा आहे.

निकोलस आणि लुसी यांच्या मध्ये, ७ डिसेंबरला, एक असा माणूस उभा आहे ज्याचा दिवस मृत्यूचा नाही, कामावर रुजू झाल्याचा आहे. अँब्रोझ उत्तर इटलीतल्या प्रांताचा राज्यपाल होता. मिलानचा बिशप निवडताना दोन गटांत दंगल होण्याची चिन्हे होती, म्हणून तो बंदोबस्ताला गेला आणि लोकांनी त्यालाच बिशप करा असा गजर सुरू केला. त्याचा तोवर बाप्तिस्माही झाला नव्हता. आठवड्याभरात सगळे विधी उरकून ७ डिसेंबर ३७४ रोजी त्याला बिशप करण्यात आले. त्याने आपली संपत्ती वाटून टाकली. पुढे गॉथांनी हजारो माणसे धरून नेली, तेव्हा त्याने चर्चमधली सोन्याचांदीची पात्रे वितळवून खंडणी भरली. त्याच्यावर टीका झाली. पात्रे राखण्यापेक्षा माणसे राखावीत, असे त्याचे उत्तर होते. ३९० मध्ये सम्राट थिओडोशियसच्या हुकुमाने थेस्सलोनिका शहरात कत्तल झाली. अँब्रोझने सम्राटाला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले आणि त्याच वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा चर्चमध्ये घेतले.

त्याचे सर्वांत धारदार लिखाण नाबोथावर आहे. जुन्या करारातला हा एक साधा माणूस. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा असतो. अहाब राजाला तिथे भाजीचा मळा करायचा असतो. वडिलोपार्जित जमीन विकायला नाबोथ नकार देतो आणि राणी त्याच्यावर खोटा आळ घेऊन त्याला दगडांनी ठेचून मारवते. अँब्रोझ म्हणतो, ही जुनी गोष्ट रोज घडते आहे. त्याचा युक्तिवाद असा: पृथ्वी सगळ्यांसाठी निर्माण झाली, थोड्या श्रीमंतांनी ती अडवून धरली. म्हणून गरिबाला दिलेले हे दान नव्हे, त्याचेच त्याला परत करणे आहे.

पवनारहून हे वाचले की विनोबा आठवल्यावाचून राहत नाहीत. धाम नदीकाठच्या या आश्रमातून ते मार्च १९५१ मध्ये पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झाले. जमीन हवा-पाण्यासारखी सगळ्यांची आहे, मी भीक मागत नाही, घरातल्या आणखी एका मुलाचा वाटा मागतो, ही त्यांची भूमिका होती. दोघांत साडेपंधराशे वर्षांचे अंतर, पण तर्क तोच. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर मिळाली. तीतली बरीच नापीक निघाली, बरीच वादात अडकली, बरीच वाटलीच गेली नाही. हे अपयश लपवण्याचे कारण नाही. अँब्रोझच्या मिलानमध्येही जमीनदार जमीनदारच राहिले.

विनोबांनी नव्या करारातून निवडून ‘ख्रिस्त धर्म-सार’ तयार केले. कुराण, धम्मपद, जपुजी यांच्यावर त्यांनी केलेल्या कामाच्या रांगेतलेच हे पुस्तक. १९५७ मध्ये ते केरळात चालत होते, तेव्हा तिथल्या प्रमुख ख्रिस्ती पंथांच्या धुरीणांनी भूदानाच्या बाजूने जाहीर आवाहन केले. ज्यांनी शेते विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले आणि ज्यांच्यात गरजू कुणी उरला नाही, त्या पहिल्या जेरुसलेमकर मंडळीचे वर्णन ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. केरळच्या खेड्यातल्या चर्चमध्ये ते दरवर्षी वाचले जात होतेच. गावाने जमीन एकत्र करण्याची, ग्रामदानाची गोष्ट तिथल्या ख्रिस्ती लोकांना नवीन वाटण्याचे कारण नव्हते.

त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर स्तेफन येतो. २६ डिसेंबर, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा संत, ख्रिस्ती परंपरेतला पहिला हुतात्मा. चित्रांत तो दगडांच्या माऱ्यात गुडघे टेकून बसलेला दिसतो. तो मुळात कोणत्या कामासाठी निवडला गेला, हे चित्रात येत नाही. जेरुसलेमच्या मंडळीत रोज विधवांना अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना आपल्याला डावलले जाते असे आढळले आणि कुरबूर सुरू झाली. भाषेवरून पंक्तिप्रपंच होत होता, असे म्हणायला हरकत नाही. प्रेषितांनी सात माणसे निवडायला सांगितली: चारित्र्याची, शहाणी. वाटप त्यांच्या हाती दिले. पहिले नाव स्तेफनाचे. म्हणजे हा पहिला हुतात्मा मुळात वाढपी आणि कोठीचा हिशेब पाहणारा माणूस होता. पुढे त्याने वादविवाद केले, त्याच्यावर खटला झाला, त्याला शहराबाहेर नेऊन दगड मारण्यात आले. दगड मारणाऱ्यांचे कपडे राखत उभा असलेला तरुण म्हणजे शौल, नंतरचा पौल. ४१५ मध्ये स्तेफनाच्या अस्थी सापडल्याचे जाहीर झाले आणि २६ डिसेंबरलाच त्या जेरुसलेममध्ये आणल्या गेल्या. सीरो-मलबार परंपरेत स्तेफनाची आणखी एक आठवण असते. प्रभुप्रकटनाच्या सणानंतरचे शुक्रवार वेगवेगळ्या संतांना दिलेले आहेत, त्यांतला चौथा त्याचा.

वाटप न्याय्य व्हावे म्हणून हिशेबाला माणूस बसवणे हे काम वर्ध्यात एका ख्रिस्ती माणसाने केले. जोसेफ चेल्लदुराई कॉर्नेलियस, जन्म १८९२, तंजावर. लंडनला हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. भारताच्या गरिबीचे कारण सरकारी खजिन्याच्या कारभारात शोधता शोधता तो १९२९ मध्ये गांधींना भेटला आणि घराण्याचे जुने नाव परत घेऊन जे. सी. कुमारप्पा झाला.

जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये मदतकार्याचा पैसा कुमारप्पांच्या देखरेखीखाली होता. कार्यकर्त्याच्या रोजच्या जेवणखर्चाला त्यांनी काही आण्यांची मर्यादा घातली. खुद्द गांधी आपल्या मंडळींसह आले तेव्हा त्यांच्या दूध-फळांचा खर्च मदतनिधीतून देण्यास त्यांनी नकार दिला. भूकंपग्रस्तांसाठी गोळा झालेला पैसा भूकंपग्रस्तांचाच, हा नियम गांधींनाही लागू. गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांना ती सोय दुसरीकडून करावी लागली. गांधींना या माणसाची किंमत त्याच वेळी पक्की कळली असावी, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची धुरा कुमारप्पांकडे आली. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि इमारत संघाला दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली.

मगनवाडीत तेलघाण्यावर प्रयोग झाले, हातकागद झाला, मधमाश्या पाळल्या गेल्या, हातसडीच्या तांदळाचे गुण मोजले गेले. गांधी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथे सगळ्यांचे एक स्वयंपाकघर, एक घंटा, एक पंगत. भाजी निवडायला स्वतः गांधी बसत. कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा ते आपल्या हाताने करत. याच वर्धा तालुक्यात दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली, तेही १९३६ चेच. जून १९४२ मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिला. गांधींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर येशूचे एकच साधे चित्र त्याला दिसले. आपण ख्रिस्ती आहोत, हिंदू आहोत, मुसलमान आणि ज्यूही आहोत, अशा आशयाचे उत्तर गांधींनी त्याला दिले. गांधींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते आर्यनायकम् हे सिलोनचे ख्रिस्ती कुटुंबातले गृहस्थ. पुढे मार्जरी साइक्स ही क्वेकर बाई तिथे शिक्षकांना घडवायला आली. या वस्तीत ख्रिस्ती माणूस पाहुणा नव्हता, तो कामाचा भाग होता.

कुमारप्पांचे चर्चशी पटत नसे. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहातल्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या पडत होत्या, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन करून विचारले की येशूचे अनुयायी कुठल्या बाजूला उभे आहेत. भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख, कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा यावरून वाद झाला. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीने रोमच्या साम्राज्यापुढे मान तुकवली नाही आणि आताची मंडळी साम्राज्याच्या आश्रयाने उभी आहे, ही त्यांची खंत होती. स्तेफन, लुसी, अँब्रोझ ही नावे ज्या इतिहासातली आहेत, त्याचा वारसा कुणाकडे आहे, असाच तो प्रश्न होता.

‘छोडो भारत’च्या काळात तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तके लिहिली. दोन्ही १९४५ मध्ये बाहेर आली. एकात येशूची शिकवण आणि आचरण यांचा अर्थ लावला होता. दुसऱ्यात टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी होती. यजमानाचे रक्त शोषणारी परोपजीवी व्यवस्था, लुटीची व्यवस्था, स्वतःच्या कष्टाने मिळवणारी, मधमाश्यांसारखी समूहासाठी साठवणारी, आणि सर्वांत वर पिलांना चारा भरवणाऱ्या पक्षिणीसारखी सेवेची व्यवस्था, अशा पायऱ्या त्यांनी लावल्या. येशूवरच्या पुस्तकाला गांधींची प्रस्तावना आहे. पदव्यांचा फारसा सोस नसलेल्या या हिशेबनिसाला गांधींनी आपल्यातर्फे दोन पदव्या बहाल केल्या होत्या: एक धर्मशास्त्राच्या आचार्याची, दुसरी ग्रामोद्योगाच्या आचार्याची. कुमारप्पांच्या दृष्टीने त्या दोन नव्हत्याच. तेलघाणीतून निघालेले तेल कुणाच्या चुलीपर्यंत पोहोचते हा त्यांना धर्माचा प्रश्न वाटे, आणि भाकरीसाठीची प्रार्थना हा अर्थशास्त्राचा.

मगनवाडीतल्या संग्रहालयाचे उद्घाटन गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले, स्तेफनाच्या सणानंतर चार दिवसांनी. वर्धा शहरात मगन संग्रहालय आजही चालू आहे. खादी, चरखे, घाणी आणि खेड्यातल्या कारागिरांची अवजारे तिथे मांडलेली आहेत, आणि आवारातच ग्रामोद्योगाच्या मालाची विक्री होते.